आषाढातली ताजी बोय

बिबट्या मासे खातो का, हा प्रश्न आमच्या वाडीत आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. मांजर खातं, मग तिचा थोरला भाऊ का खाणार नाही? पण यंदाच्या आषाढात या एका प्रश्नावरून नरपडपासून चिखल्यापर्यंत लोकांनी इतकी अक्कल पाजळली की विचारू नका. आणि ज्याला उत्तर ठाऊक होतं तो मी, काशीनाथ तांडेल, वाडीचा म्होरक्या, ओठ शिवून बसलो होतो. शिवून कुठला, उलट सगळ्यांच्या वरताण बोलत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसली गत.

तर आमच्या घरामागच्या खोलीत शैलेश मास्तर भाड्यानं राहतात. माणूस घाटावरचा, शिकवायला तलासरीला, रोज मोटारसायकलवरून जाऊन-येऊन करतो. मासे खात नाही. माझी बायको जयमाला त्याच्यासाठी वेगळी डाळ लावते, आणि मला कधी विचारून भाजी करत नाही ते सोडा. मास्तरांना नाद एकच, फोटोचा. पहाटे उठून कॅमेरा गळ्यात घालायचा आणि ओहोळाच्या तोंडाशी चिखलात पालथं पडायचं. कशासाठी, तर दोन बोटांएवढा एक पक्षी चोच खुपसतो त्यासाठी. मासळी बाजारात बसणारी हंसा, आमच्या नात्यातली वहिनी, म्हणायची, "भावजी, माणूस शिकलेला आहे म्हणून बरं. न शिकलेला असता तर आपण भगताकडे नेला असता."

आता आमचा नियम सांगतो, कारण सगळं घोडं तिथं अडलंय. पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत वाडीतल्या कुणीही पाण्यात होडी घालायची नाही, जाळं टाकायचं नाही. सरकारची बंदी वेगळी, तिच्या तारखा वेगळ्या. ही आमची, आजोबा-पणजोबांपासूनची. मासळी पिल्लं टाकते, दर्या माजावर असतो, तेव्हा त्याच्या वाटेला जायचं नाही. हा नियम दर वर्षी देवळात उभा राहून वाचून दाखवतो कोण? मी. तीन वर्षांमागे माझा सख्खा भाचा रघ्या चोरून पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकताना सापडला, तेव्हा त्याला देवळात कान धरून उभा करणारा कोण? तोही मीच. बहीण रडत आली होती. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्याची होडी दिवाळीपर्यंत वाळूवर ठेवली. लोकांनी तोंडात बोटं घातली. म्हणाले, तांडेल असावा तर असा.

आणि यंदा हाच तांडेल पहाटे धाकटी होडी ओढून ओहोळाच्या तोंडाशी गेला.

का गेलो ते विचारू नका. माझी मुलगी सई बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला ताजं काही खावंसं वाटत होतं, असं मी मनाशी म्हणत होतो. खरं तर सईनं तोंडातून शब्द काढला नव्हता. जीभ माझी होती. किती सुका बोंबील खायचा माणसानं? जवळा, सुकट, पुन्हा बोंबील. पावसाळ्यात बोय मासळी ओहोळाच्या तोंडाशी चढते, तिला अंडी असतात, आणि ती अंडी तव्यावर टाकली की जो वास सुटतो, त्यापुढे नियम कसला अन् काय. वय झालं तरी जिभेला काही लाज नसते.

पाग टाकला. बोयी आल्या, अशा तजेलदार की बघत राहावं. होडी काठाला लावली आणि टोपली आणायला सुरूच्या झाडांमागे गेलो. वळून बघतो तर होडीच्या नाळेवर, पार पुढच्या टोकावर, बिबट्या.

माझी पाचावर धारण बसली. टोपली हातात, तोंड उघडं, पाय जमिनीत. तो मात्र घरच्यासारखा बसलेला. एक बोय पंज्याखाली दाबून शेपटाकडून खात होता, म्हणजे खाणाऱ्याला काटे कळत नव्हते एवढंच. तेवढ्यात पलीकडच्या काठावर चिखलात काहीतरी हललं. शैलेश मास्तर, पालथे, कॅमेरा डोळ्याला. बिबट्यानं मान वर केली, त्यांच्याकडे बघितलं, बोय तोंडात धरली आणि उडी मारून सुरूच्या दुसऱ्या अंगानं निघून गेला. मास्तर उठले आणि धावत घराकडे गेले. त्यांनी मला बघितलं नाही, असं मी धरून चाललो.

मग मी काय केलं? माणूस म्हणून सांगायला लाज वाटते. होडी वर ओढली, झावळ्यांनी झाकली, उरलेल्या बोयी पाण्यात फेकल्या, आणि सुरूची एक फांदी तोडून वाळूवरचे बिबट्याचे ठसे झाडून टाकले. माझ्या पावलांबरोबर त्याचीही.

मी चहाला बसेपर्यंत वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. खाली मास्तरांनी लिहिलं होतं: "आज सकाळी आपल्या ओहोळावर. कृपया पहाटे एकट्यानं जाऊ नये." फोटो असा की डोळे फिरावेत. निळी नाळ, तिच्यावर बिबट्या, तोंडात चकचकीत बोय. होडीचं नाव आणि नंबर मात्र नेमके चौकटीबाहेर राहिले होते. निळ्या होड्या वाडीत डझनांनी. मी देवाला हात जोडले.

पण देव एवढ्यावर सोडतो होय? खाली लगेच रघ्यानं लिहिलं, "होडी कुणाची आहे?"

चोराच्या मनात चांदणं. मी लगेच फोनमध्ये बोललो, कारण मला टाइप करायला वेळ लागतो: "कसली होडी अन् कसलं काय. आषाढात आपल्या वाडीतली होडी पाण्यात असते का? आषाढात ताजी बोय असते का? हा कंप्युटरवर बनवलेला फोटो आहे. बनवणाऱ्याला बंदी आहे एवढंही ठाऊक नाही."

बस. एवढं पुरलं. तांडेल बोलला म्हटल्यावर पुढे कोण शंका घेणार? उलट जो तो आपापली भर घालायला लागला. हंसानं विचारलं, "बिबट्यानं भाव केला का नाही? का नगावर उचलली?" कुणी म्हणालं, पुढच्या वेळी त्याला कोयता द्या, साफ करून खाईल. दुपारी लोक फोटो घेऊन डहाणूला जिग्नेशच्या मोबाइलच्या दुकानात गेले. जिग्नेश स्क्रीनगार्ड लावतो, म्हणजे कंप्युटरमधलं त्याला सगळं कळतं असा आमचा समज. त्यानं फोटो मोठा करून बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "खोटो छे. मिशा बघा ना, एकदम सरळ. ओरिजिनल बिबट्याची मिशी अशी नसते." ओरिजिनल बिबट्या त्यानं कुठं बघितला होता हे कुणी विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं. कारण मी बघितला होता, आणि मिशा सरळच होत्या.

संध्याकाळी मास्तर ओट्यावर आले. चेहरा उतरलेला.

"काका, तुम्हालाही खोटा वाटतो फोटो?"

मी जाळं विणत होतो. मान वर केली नाही. म्हटलं, "मास्तर, तुमचं काही चुकलं असं नाही. पण आषाढात बोय कुठून येणार?"

ते म्हणाले, "खरं आहे. मला मासळीतलं काय कळतं." आणि खोलीत गेले. त्या रात्री मी जेवलो नाही. जयमाला म्हणाली, "अहो, पित्त झालंय का?" मी म्हटलं, झालंय.

वाटलं होतं, दोन दिवस हसतील आणि विसरतील. पण चेष्टा एकदा गावाला लागली की सुटत नाही. पालघरला फोटोंचं एक प्रदर्शन भरणार होतं, तिथं मास्तरांनी हाच फोटो पाठवला होता आणि तो निवडला गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काही निवडलं गेलं होतं. जयमालाला त्यांनी पेढे दिले होते. मग प्रदर्शनवाल्यांच्या कानावर आमच्या वाडीचं हसणं गेलं. त्यांनी मास्तरांकडे मूळ फोटो मागितला, न कापलेला, कॅमेऱ्यातून आला तसा. मास्तरांनी दिला नाही. का दिला नाही कुणास ठाऊक, असं मी तेव्हा म्हणत होतो. मग प्रदर्शनवाल्यांनी मला फोन केला, गावातला जाणता म्हणून. "काका, तुमच्या वाडीत असा बिबट्या आला होता का?"

फोनवर तरी खरं बोलता आलं असतं. समोर कुणी नव्हतं. पण पलीकडचा माणूस पुढे विचारेल ना, होडी कुणाची? मी म्हटलं, "आमच्याकडे असं काही नाही बुवा."

त्यांनी प्रदर्शनातून फोटो काढून टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती आणखी कशी असते?

मग तलासरीच्या शाळेत गोष्ट गेली. मुलं मास्तरांना मागून म्याऊ करायला लागली. फळ्यावर कुणी बिबट्याच्या हातात मासळीची पाटी काढली. मास्तर रोज मोटारसायकल लावून खाली मान घालून घरात शिरत. कॅमेरा खुंटीला टांगला तो टांगलाच. पहाटे मला जाग यायची, मी कान देऊन ऐकायचो, दार वाजतं का. वाजायचं नाही. ज्या माणसाला आम्ही वेडा म्हणत होतो तो शहाणा झाला होता, आणि ते मला बघवत नव्हतं. मी मात्र सईला अंधारात परसात जाऊ देत नव्हतो, मागच्या दारी मोठा दिवा लावला होता. जयमाला म्हणायची, "बिबट्या खोटा आहे ना, मग दिवा कुणासाठी?" मी तिच्यावर ओरडायचो. उगाच ओरडायचो.

श्रावण लागला. यंदा नारळ वाहायचा मान आमच्या घराकडे होता. वाडीत घराघरानं तो फिरतो. वाहणाऱ्याच्या हातानं पावसाळाभर पाण्याला जाळं लावलेलं नसावं, एवढीच अट. तो हात चोख असला तर दर्या वर्षभर होड्या सांभाळतो. रघ्याची नवी होडी यंदा पहिल्यांदा पाण्यात जाणार होती. तिच्यात तो आणि आणखी तीन पोरं. मला झोप लागेना. एकीकडे मास्तर, एकीकडे ही पोरं. माझ्या एका वेळच्या जेवणापायी, आणि ते जेवणसुद्धा बिबट्यानं खाल्लेलं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी देवळात बैठक होती. सगळी वाडी जमली. मास्तर मागे खांबाला टेकून उभे होते, जयमालानं जबरदस्तीनं आणलं होतं. मी उभा राहिलो. लोकांना वाटलं, नेहमीसारखं नियम वाचणार.

"उद्या नारळ मी वाहणार नाही," मी म्हटलं. "मास्तरांचा फोटो खरा आहे. होडी माझी आहे. आषाढात मी पाग टाकला. बिबट्या मी डोळ्यांनी बघितला. मी खोटं बोललो आणि मास्तरांचं नाव घालवलं. मला रघ्याला केली तीच शिक्षा करा."

मी स्वतः कान धरले.   माझ्या छातीवरचा दगड उतरला असं मला क्षणभर वाटलं.

आणि हंसा हसली.

"भावजी, तुमचं काळीज मोठं आहे हो," ती म्हणाली. "भाडेकऱ्याची बदनामी सोसवेना म्हणून स्वतःच्या अंगावर घेताय."

"अगं, खरं सांगतोय मी."

"मामा," रघ्या उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. "ज्यानं सख्ख्या भाच्याला सोडलं नाही, तो स्वतः चोरून जाईल? हे मी कधी मानणार नाही. मला शिक्षा झाली तेव्हा राग आला होता. पण मी माझ्या पोराला सांगतो, तुझा आजोबा सोन्याचा माणूस आहे. तुम्ही मास्तरांना वाचवा, त्यांचं आम्ही काही वाईट करणार नाही. पण खोटं बोलू नका."

लोकांनी माना डोलावल्या. मी ओरडलो. ठसे कसे झाडले ते सांगितलं. बोयी पाण्यात फेकल्या ते सांगितलं. जितकं सांगावं तितके ते हळवे व्हायला लागले. मागून कुणी म्हणालं, अंडी भरलेली बोय सापडली आणि तांडेलानं पाण्यात फेकली, हे बिबट्यापेक्षा अवघड आहे. सगळे हसले. माझ्या तोंडून निघालेलं एकमेव खरं त्यांना विनोद वाटला.

मग मला एकच सुचलं. मी गर्दीतून वाट काढत मास्तरांकडे गेलो, त्यांचा हात धरून त्यांना बाहेर पिंपळाखाली नेलं.

"मास्तर, मूळ फोटो दाखवा. त्याच्यात होडीचं नाव असणार. आत्ता आणा, सगळ्यांसमोर धरा."

"नाही काका."

"अहो, तुमचं नाव परत येईल."

"नाही म्हणजे, उरलेला नाही. मी पुसला."

मला काही कळेना. ते पायाकडे बघत बोलायला लागले.

"त्याच्यात होडीचं नाव होतं. आणि मागे सुरूच्या झाडाआड तुम्ही होता, टोपली घेऊन. मला काय माहीत तुमचा नियम? मी आधी तसाच ग्रुपवर टाकणार होतो. जयमालाकाकू चहा घेऊन आल्या, त्यांना दाखवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, यंदा नारळाचा मान आमच्या घरी आहे, ह्यांनी तर आषाढभर पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नाही. तेव्हा मला कळलं. म्हणून मी तुमच्या बाजूचा भाग कापला आणि मग टाकला. प्रदर्शनवाल्यांनी मूळ मागितला तेव्हा भीती वाटली, कधी चुकून कुणाच्या हाती लागेल. म्हणून पुसून टाकला."

"तुम्ही मला बघितलं होतं," मी म्हटलं. "आणि त्या संध्याकाळी ओट्यावर विचारायला आलात."

"तुम्ही काय म्हणता ते ऐकायला आलो होतो."

मी पिंपळाच्या पारावर बसलो. 

"आणि शाळेतली मुलं?" मी विचारलं.

"त्यांना मी वर्गात सांगून टाकलं, फोटो मी कंप्युटरवर बनवला. म्हणजे चिडवणं थांबेल म्हणून. थांबलं नाही, पण वर्गात खोटं बोललो ते पहिल्यांदाच." मग म्हणाले, "काका, तुम्ही उद्या नारळ वाहा. आयत्या वेळी तुम्ही मागे फिरलात तर अपशकुन म्हणून रघूची होडी पाण्यात जायची नाही. आता सगळ्यांना जे खरं वाटतंय, ते वाटू दे."

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मला किनाऱ्यावर नेलं. नवं धोतर, कपाळाला गुलाल, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. पोरांच्या होड्या रांगेत उभ्या. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि मनात म्हटलं, बाबा, तुला सगळं ठाऊक आहे. राग काढायचा तर माझ्यावर काढ, त्या पोरांवर नको. तेवढ्यात काठावरून हंसाचा आवाज आला, "मास्तर, आणा ना कॅमेरा, काढा तांडेलाचा फोटो. हा तरी खरा येईल." सगळे हसले. मास्तरही हसले. जयमाला धावत जाऊन खुंटीवरचा कॅमेरा घेऊन आली आणि त्यांनी माझा फोटो काढला.

फोटो फार छान आलाय. डोळे मिटलेले, हात जोडलेले, समोर दर्या. ग्रुपवर आला तेव्हा एकानंही शंका घेतली नाही. जिग्नेशनं मोठा करून, काच लावून, फुकट दिला. म्हणाला, असा ओरिजिनल फोटो रोज बघायला मिळत नाही. जयमालानं तो जेवणघरात लावलाय. मी हल्ली ताट घेऊन ओट्यावर बसतो. मास्तर शाळेतून आले की मान खाली घालून माझ्या समोरून जातात आणि रोज विचारतात, "काका, जेवलात का?"